दोन टबांचं मशीन

शहापूर-मुरबाडकडे वॉशिंग मशीन बिघडतं ते बहुतेक आषाढात, ऐन आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत. माणसं सकाळपासून चिखलात, दुपारी भिजून घरी, जेवून पुन्हा खाचरात. मोरीपाशी कपड्यांचा ढीग वाढत जातो आणि नेमका तेव्हाच ड्रायर फिरायचा थांबतो. नुसताच हूं करतो. झाकण उघडून पाहावं तर आतला डबा जागचा हललेला नसतो. घरातलं कुणीतरी मशीनच्या कुशीत एक थाप मारतं. थापेनं काही होत नाही, पण ती मारल्याशिवाय पुढचं सुचतही नाही. मग मेकॅनिकला फोन. पलीकडून ठरलेलं उत्तर येतं, “ताई, आवणी उरकू दे, मग येतो.” मेकॅनिकलाही शेत असतं.

मशीन घरच्या घरी उघडण्याची वेळ येते ती अशी. हौस म्हणून कुणी पाना हातात घेत नाही.

या भागात मशीन घेतलं जातं ते धुण्यापेक्षा पिळण्यासाठी. दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पायथ्याचे. एकीकडे माहुलीचा किल्ला आणि कसाऱ्याचा घाट, दुसरीकडे सिद्धगड आणि माळशेज. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पडवीत दोऱ्या बांधल्या तरी जाड पॅन्ट आणि शाळेचा गणवेश दोन-दोन दिवस वाळत नाही. वाळला तरी कुबट वास जात नाही. आवणीचा चिखल ओढ्यावर नाहीतर विहिरीवर हातानंच काढायचा, हे बायका टबाच्या तळाशी बसलेला गाळ उपसून शिकलेल्या असतात. धुतलेले कपडे मग बादलीतून घरी येतात आणि थेट ड्रायरमध्ये जातात. मिनिटाला तेराशे-चौदाशे फेरे घेणारा तो एवढासा डबा पाच मिनिटांत जेवढं पाणी काढतो, तेवढं दोघींनी चादर दोन टोकांना धरून पिळली तरी निघत नाही. त्यामुळे धुण्याचा टब बंद पडला तर घर आठवडाभर कळ काढतं. ड्रायर बंद पडला की घरात कुरबुर सुरू होते.

मशीन दोन टबांचंच का, याचं उत्तर पाण्यात आहे. ऑटोमॅटिक मशीनला नळ लागतो, नळाला दाब लागतो, आणि दोन्ही धुणं संपेपर्यंत टिकावे लागतात. पाणी मध्येच गेलं की ते तिथंच थांबून दिवे मिचकावत राहतं. दोन टबांच्या मशीनला याची फिकीर नाही. विहिरीचं पाणी ओता, टँकरचं ओता, पन्हाळीखाली पिंप लावून धरलेलं पावसाचं ओता, त्याला सगळं चालतं. एकाच साबणाच्या पाण्यात आधी पांढरे कपडे, मग रंगीत, शेवटी पायपुसणी, आणि उरलेलं पाणी संडासात. जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालं, त्यात माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलं आहे. पाच जणांच्या घराला २७५ लिटर. वरून कपडे टाकायचं ऑटोमॅटिक मशीन एका धुण्याला शंभर ते दीडशे लिटर सहज घेतं. म्हणजे घरातलं निम्म्याच्या आसपास पाणी एका बटणासरशी गेलं.

हा हिशेब शहापुरात मांडावा लागतो, हे विशेष. मुंबईला पाणी देणारं तानसा धरण १८९२ सालचं. भातसाची साठवण ७ लाख १७ हजार दशलक्ष लिटर. मुंबईला पाणी देणाऱ्या सातही तलावांची मिळून साठवण १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर, म्हणजे त्यातली जवळपास निम्मी एकट्या भातसाची. तानसा आणि भातसा दोन्ही शहापूर तालुक्यात आहेत, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारे पाडेही याच तालुक्यात आहेत. शेजारी मुरबाडमध्ये बारवी धरण. त्याचं पाणी एमआयडीसीमार्फत खालच्या कारखान्यांना आणि शहरांना जातं.

विजेचीही हीच कथा. टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून मुंबईला वीज जायला लागली ती १९१५ पासून. घाटाखालच्या वाड्यावस्त्यांवर तेव्हा चिमण्या मिणमिणत होत्या आणि पुढं कित्येक वर्षं मिणमिणतच राहिल्या. १९४२च्या लढ्यात भाई कोतवाल यांच्या आझाद दस्ता या भूमिगत गटानं सरकारची कोंडी करायला मुंबईची वीज नेणारे मनोरेच निवडले आणि रातोरात पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या रानात कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. वॉशिंग मशीनला ज्या दोन गोष्टी लागतात, त्या दोन्ही या मुलखाच्या अंगावरून आधी मुंबईला गेल्या आणि इथं मागाहून उतरल्या. आजही त्या बेतानंच उतरतात.

म्हणून मशीन उघडण्याआधी घड्याळ पाहावं. ट्रान्सफॉर्मरपासून लांबच्या, लाइनच्या टोकाच्या घरात संध्याकाळी सातला विजेचा दाब पडतो. २३० व्होल्टच्या जागी १८० मिळाले तर मोटरचा जोर वीस-बावीस टक्क्यांनी घटेल असं वाटतं. प्रत्यक्षात तो जवळपास चाळीस टक्क्यांनी घटतो, कारण हा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात कमीजास्त होतो. ओल्या कपड्यांनी भरलेला डबा मग सुटतच नाही. तोच ड्रायर रात्री अकराला, शेजारपाजार झोपल्यावर, काही न करता फिरायला लागतो. असं झालं तर मशीन निर्दोष आहे. पाना ठेवून द्यावा आणि महावितरणकडे तक्रार करावी.

रात्री अकरालाही तो हूंच करत असेल, तर मात्र मशीन भिंतीपासून ओढावं आणि पिन काढावी. नुसतं बटण बंद करून भागत नाही. जुन्या वायरिंगमध्ये बटण फेजवर आहे की न्यूट्रलवर, याची खात्री घरमालकालाही नसते. पाठीमागचं झाकण सहा-आठ स्क्रूंवर असतं. त्यातले दोन हटकून गंजलेले. त्यांच्यावर आदल्या रात्री तेलाचे थेंब सोडले तर सकाळी ते ऐकतात, नाहीतर डोकं झिजून बसतं.

झाकण निघालं की पहिल्यांदा दिसतो तो उंदरांचा संसार. भाताचं तूस, गोणपाटाचे धागे, मुलांच्या वहीचे कुरतडलेले कपटे. मशीनचा तळ उघडा, मोटरची ऊब, आणि हाताच्या अंतरावर भाताची कणगी. उंदराला आणखी काय हवं? तो वायरींची वरची रबरी साल खातो आणि तांबं उघडं टाकतो. हा सगळा पसारा सुक्या ब्रशनं काढून, कुरतडलेल्या वायरी बदलून, तळाला बारीक जाळी बसवली की निम्मे बिघाड पुढच्या पावसाळ्यापर्यंत फिरकत नाहीत. वायर सोडवण्याआधी मोबाइलवर एक फोटो काढायचा, एवढं तरी आता सगळ्यांना ठाऊक झालं आहे.

आत मोटरी दोन. एक पट्ट्यानं धुण्याची चकती फिरवते, दुसरी ड्रायरच्या डब्याखाली उभी. दोघींच्या मध्ये कुठंतरी, पत्र्याला स्क्रूनं अडकवलेला कंडेन्सर. बऱ्याच मशीनमध्ये दोन्ही मोटरींचा मिळून एकच असतो आणि त्याच्या पोटावर १० + ५ मायक्रोफॅरड असे काहीतरी दोन आकडे छापलेले असतात. घरच्या एका फेजवर चालणाऱ्या मोटरला स्वतःहून सुटता येत नाही, कारण कोणत्या दिशेनं फिरायचं हेच तिला कळत नाही. कंडेन्सर दुसऱ्या वेटोळ्यातला प्रवाह जरा पुढं सरकवतो, तेव्हा तिला दिशा मिळते. तो कमजोर झाला की मोटर हूं करत जागच्या जागी तापते, आणि फार वेळ तशीच ठेवली तर वाइंडिंग जळतं. शंभर-दोनशे रुपयांच्या वस्तूपायी हजाराचं काम निघतं.

पण सगळं पाप कंडेन्सरच्या माथी मारण्याआधी, पिन काढलेलीच ठेवून, ड्रायरचं झाकण मिटून डबा हातानं फिरवून पाहावा. झाकण उघडं असलं तर ब्रेक लागलेला असतो, म्हणून ते मिटायचं आणि मागून, मोटरच्या कपलिंगपाशी फिरवायचं. डबा सैल फिरला तर संशय कंडेन्सरवर. अडकत फिरला तर तिघांपैकी कुणीतरी गुन्हेगार. झाकणापासून ब्रेकपर्यंत गेलेली तार गंजून अडकली असेल, तर ब्रेक सुटतच नाही. दुसरा गुन्हेगार लहान मुलाचा मोजा. कपड्यांवर ठेवायची प्लास्टिकची चकती घरात पहिल्या महिन्यातच हरवते. मग फिरताना एखादा मोजा, एखादा रुमाल काठावरून उडतो आणि आतल्या डब्याच्या आणि बाहेरच्या टबाच्या फटीत जाऊन बसतो. तिसरा गुन्हेगार सर्वांत वाईट. डब्याच्या दांड्याभोवतीचं रबरी सील. ते फाटलं की साबणाचं पाणी थेंबाथेंबानं खालच्या मोटरवर पडतं. दांड्यावर तपकिरी ओघळ दिसला की समजावं, पाणी बेअरिंगपर्यंत पोचलं आहे. सील स्वस्त असतं. ते वेळेवर बदललं नाही, तर मोटर बदलावी लागते.

काही जण अशा वेळी चालू ड्रायरच्या डब्याला हातानं झटका देऊन तो सोडतात. कंडेन्सर गेला असला तरी डबा त्या झटक्यानं सुटतो, आणि युक्ती सापडल्याचा आनंद होतो. चौदाशे फेऱ्यांवर जाणाऱ्या डब्यात हात घालायची ही युक्ती कुणी मुलांसमोर करू नये. खरं तर करूच नये.

धुण्याच्या बाजूचे आजार साधे. पट्टा ढिला पडला की मोटर फिरते आणि चकती थांबते. चकती मधल्या स्क्रूवर असते. ती काढली की खाली रुपयाचं नाणं, केसांची पिन, शर्टाचं बटण आणि पावडरीचा दगड झालेला थर निघतो. बोअरचं पाणी जड असेल तर तो थर पांढरा आणि चिवट. पाणी सोडायच्या नळीच्या तोंडाशी असलेलं रबरही एखाद्या पिनेनं अडून उघडं राहतं, आणि टब भरता भरता रिकामा होतो. या सगळ्याला पाना आणि पेचकस पुरतात.

टायमरचा एक चमत्कार इथल्या प्रत्येक घरानं पाहिला आहे. बऱ्याच जुन्या मशीनचा टायमर चावीचा, म्हणजे स्प्रिंगवर चालणारा. विजेशी त्याचं देणंघेणं एवढंच, की तो संपर्क जोडतो आणि तोडतो. त्यामुळे मध्येच वीज गेली तरी टायमर इमानेइतबारे टिकटिक करत शून्यावर येतो. बाई शेतातून येते तेव्हा काटा म्हणतो धुणं झालं, आणि कपडे जसे टाकले तसे पाण्यात.

सुटे भाग मिळवणं हा प्रवासाचा विषय आहे. पट्टा आणि कंडेन्सर शहापूरच्या किंवा मुरबाडच्या बाजारपेठेत मिळतो, ठरावीक टायमर किंवा गिअर मिळेलच असं नाही. मग कल्याण, नाहीतर उल्हासनगर. शहापूरकरांना आसनगावहून लोकल आहे. रोज ठाण्या-मुंबईला नोकरीला जाणारं घरात नाहीतर शेजारी कुणीतरी असतंच, आणि त्याच्या डब्याच्या पिशवीतून संध्याकाळी पट्टा घरी येतो. मुरबाडला अजून रेल्वे नाही. तिथल्याला एसटीनं नाहीतर जीपनं कल्याण गाठावं लागतं, आणि चुकीच्या मापाचा पट्टा आणला तर अख्खा दिवस वाया. म्हणून जुना तुटका पट्टा खिशात असलेलं बरं. दुकानदार पहिला प्रश्न विचारतो तो हाच, “जुना आणलाय का?”

मशीन बनवणारी कंपनी उरली नसली तरी मशीन चालू राहू शकतं, हे महाराष्ट्रानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. दूरदर्शनच्या काळात वॉशिंग मशीन हा शब्द घराघरांत पोचवणाऱ्यांत आपल्या छत्रपती संभाजीनगरची, तेव्हाच्या औरंगाबादची व्हिडिओकॉन आघाडीवर होती. २०१८ साली ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पण दोन टबांच्या मशीनचे पट्टे, कंडेन्सर, सील ही मापावर मिळणारी वस्तू आहे, नावावर मिळणारी नाही. कंडेन्सरचे आकडे जुळले की तो कुणाच्याही मशीनला बसतो. ज्या नव्या मशीनमध्ये सगळा कारभार एका सर्किट बोर्डवर असतो, तिथं ही सोय नाही. बोर्ड गेला आणि त्या मॉडेलचा बोर्ड बंद झाला, तर उरलेलं धडधाकट मशीन भंगारात जातं.

युरोपात यावर कायदा झाला. युरोपीय संघाच्या नियमांनुसार मार्च २०२१ पासून वॉशिंग मशीनचे महत्त्वाचे सुटे भाग, ते मॉडेल विक्रीतून गेल्यावरही दहा वर्षं उपलब्ध ठेवणं कंपन्यांना बंधनकारक आहे. आणि ते भाग नेहमीच्या हत्यारांनी, मशीनची मोडतोड न करता बदलता आले पाहिजेत. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या ग्राहक दिनी, २४ डिसेंबरला, त्यासाठी पोर्टल सुरू केलं. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत वॉशिंग मशीनही येतं. जुनं मशीन रीतसर रिसायकल करवून घ्यायची जबाबदारी त्यात उत्पादकावर टाकली आहे. गावात मात्र हा व्यवहार अजून भंगारवाल्याच्या टेम्पोपाशीच होतो. तो मोटरीतलं तांबं पाहून भाव करतो आणि बाकीचं वजनावर उचलतो.

हे ज्ञान गावात आलं कुठून? शहापूर आणि मुरबाड दोन्हीकडे शासकीय आयटीआय आहेत, तिथून इलेक्ट्रिशियन होऊन पोरं बाहेर पडतात. पण त्यांच्याही आधीपासून पंपाच्या मोटरी भरणारे कारागीर होते. भाजीला, भेंडीला पाणी द्यायचा पंप जळला की वाइंडिंग करून देणाऱ्याला वॉशिंग मशीनची मोटर म्हणजे पोरखेळ. आणि तिसरं ज्ञान घरातल्या बाईचं. मशीन कसं वाजतं यावरून पट्टा घसरतोय, डबा एका बाजूला कलतोय की बेअरिंग वाजतंय, हे ती स्वयंपाकघरातून ओळखते. मेकॅनिक आला की त्याच्याशी बोलायला घरातले पुरुष पुढं होतात, पण बिघाड कुठं आहे हे तिला आधीच माहीत असतं. तिला विचारलं तर अर्धा तास वाचतो.

सगळीच मशीन वाचवावीत असं मात्र नाही. खालचा पत्रा गंजून मोटर लोंबायला लागली असेल, दुसऱ्यांदा भरलेली मोटर पुन्हा जळली असेल, तर तो खर्च पाण्यात. आणि हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर ते मशीन त्या क्षणी बंद व्हायला हवं. ओल्या मोरीत, अनवाणी उभ्या असलेल्या माणसाला बसलेला धक्का सुक्या जमिनीवरच्या धक्क्यासारखा सौम्य नसतो. अशा वेळी दोष बऱ्याचदा घराच्या अर्थिंगमध्येही असतो. तिसरी पिन मोडून दोन पिनांवर मशीन चालवायची सवय तर सर्रास आहे.

तेव्हा यंदा ड्रायर हूं करायला लागला, तर थाप मारून झाल्यावर क्रम असा ठेवावा. रात्री उशिरा एकदा चालवून पाहावं. तरी फिरला नाही तर पिन काढावी, डबा हातानं फिरवावा, मोजा शोधावा, ब्रेकची तार पाहावी. कंडेन्सरला हात लावण्याआधी त्याच्या दोन टोकांना घरातला साधा पिवळा बल्ब क्षणभर जोडून त्यातला उरलेला भार उतरवावा, आणि नवा घ्यायला जाताना जुना बरोबर न्यावा. वाइंडिंग जळल्याचा वास आला तर तिथंच थांबावं आणि मेकॅनिकची आवणी उरकायची वाट पाहावी. पण या सगळ्याच्या आधी एखाद्या कोरड्या दिवशी वायरमनला बोलावून घराचं अर्थिंग तपासून घ्यावं आणि वीज गळताच पुरवठा तोडणारा तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. शहापूर-मुरबाडच्या पावसात मशीनपेक्षा याचीच गरज आधी आहे.